पाण्यात उतरण्याचा अधिकार

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण आपल्या बोलण्यात नेहमी येते. कामाला बिचकणाऱ्या माणसाला धीर द्यावा म्हणून ती सांगतात, आणि तेवढ्यापुरती ती खरीही आहे. परंतु ज्यांच्या तोंडी ती प्रथम आली असेल त्यांना पाण्यात पडण्याची मुभा होती, ही गोष्ट तीत गृहीत धरलेली आहे. ज्यांना काठावरदेखील उभे राहू दिले जात नव्हते त्यांनी पोहायला कोठे शिकावे, याचे उत्तर त्या म्हणीत नाही.

गावोगावची पोरे विहिरीत पोहायला शिकली. पाठीला सुकवलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधायचे, कमरेला दोर लावायचा, दोराचे दुसरे टोक धरून चुलता काठावर उभा. दोन उन्हाळ्यांत पोर सूर मारू लागे. याला पैसा लागत नव्हता. लागत होती विहीर, आणि ती नात्यागोत्यातली असावी लागे. महारवाड्याचा पाणवठा निराळा. उन्हाळ्यात त्यात घागर बुडत नसे, तेथे पोर काय पोहणार! नदीकाठच्या काही गावांत आपल्या मुलांनाही पोहता येत असे. पण तेसुद्धा उताराच्या अंगाला, गावच्या पाणवठ्याच्या खाली. तेव्हा आज आपल्या अनेक घरांत आजोबांना पोहता येत नाही, वडिलांना येत नाही आणि म्हणून मुलालाही येत नाही, याचे कारण आळस किंवा भित्रेपणा हे नाही. एका जुन्या बंदीचा तो शिल्लक राहिलेला परिणाम आहे. मग प्रश्न असा उभा राहतो की, बंदी उठवली म्हणजे समाजाचे देणे फिटले काय? की ज्याला आपण अडवले होते त्याला हात धरून पाण्यात उतरवणे, हेही त्या देण्यात येते?

पनवेलच्या वाचकांना हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे, इस्राईल तलाव ही नावे जुन्या पनवेलकरांच्या तोंडी आहेत. माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी शहराला लागून खाडीकडे जाते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. गोव्याकडे जाणारा महामार्ग येथूनच सुरू होतो आणि महाडवरून पुढे जातो. पनवेल आणि महाड हे दोन्ही तालुके त्या काळी एकाच कुलाबा जिल्ह्यातले; १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात.

महाडची हकीकत आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. तथापि तिच्यातील एका तपशिलाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि मुंबईच्या कायदेमंडळाने तो ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे त्याप्रमाणे खुले केले. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी पूज्य बाबासाहेब आपल्या हजारो बांधवांसह चवदार तळ्याच्या काठी गेले त्या दिवशी ते तळे कागदावर तीन वर्षे उघडेच होते! या तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने त्याची ओंजळभर चव घेतली नव्हती. ठराव होता, तळ्यापर्यंत पोचण्याची वाट नव्हती. ती वाट बाबासाहेबांना स्वतः चालून तयार करावी लागली, तिच्यासाठी आपल्या माणसांना मार खावा लागला, आणि कोर्टकचेऱ्या होऊन मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. खुले असणे आणि पोचता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. दुसऱ्या कोणाला तो धडा नवा असेल, आपल्याला तो नवा नाही.

येथे थोडे विषयांतर होते, पण ते आवश्यक आहे. आपण पाणी प्यायल्यावर महाडच्या सनातन्यांनी ते तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशेआठ घागरी त्यात ओतून त्याची शुद्धी केली. या वेडेपणाला भगवंतांच्या काळीच उत्तर मिळाले होते. थेरीगाथेतील पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत बुचकळ्या मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले, की पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवे अगोदर स्वर्गाला गेली पाहिजेत. पाण्याने कोणी पवित्र होत नाही, आणि कोणाच्या स्पर्शाने पाणी अपवित्र होत नाही. म्हणून पोहण्याच्या तलावात कुबडी घेऊन येणारा, लाळ गळणारा, किंवा अंगावर पांढरे डाग असणारा उतरला तर इतरांनी नाक मुरडून बाहेर यावे, ही वृत्ती बौद्धाच्या घरात शोभत नाही. डाग संसर्गजन्य नसतात आणि लुळा पायही नसतो.

आता मूळ मुद्दा. महाडला लोक पायी गेले. पायऱ्या उतरले. ज्याला पायच चालवत नाहीत त्याने काय करावे? भारताच्या घटनेतील पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन सांगितले आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथे अडवता येणार नाही. तलाव हा शब्द घटनेत आहे यामागे आपल्या समाजाची तहान आहे. परंतु त्या यादीत अपंगत्व हा शब्द नाही. ती उणीव भरून काढायला वेगळा कायदा यावा लागला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली, अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली, आणि खेळ व करमणूक यांतही त्यांना सहभागी होता येईल अशा सोयी करणे हे शासनाचे काम ठरवले. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. माझ्या मते तो महाडच्या १९२४ च्या ठरावासारखाच अजून पुष्कळसा कागदावर आहे, आणि ही वाट चालून दाखवणारे लोक आपल्यातून निघाले तर त्यात आश्चर्य वाटू नये.

परंतु आपणच अगोदर आपल्या घरात पाहिले पाहिजे. धम्मदीक्षा घेतली, देव्हारा उतरवला, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, आणि घरात पांगळे किंवा मंदबुद्धी मूल जन्माला आले की आजी हळूच म्हणते, "मागच्या जन्मीचं असेल काही." शेजारीणही मान डोलावते. पाहुणे आले की ते मूल आतल्या खोलीत जाते. लग्नाला ते नसते, विहारातील वंदनेला नसते, सहलीला तर नसतेच. या एका वाक्याने आपण काय करून बसतो याचा विचार करावा. मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हणून हा जन्म हलका, याच न्यायाने आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवले होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या सिद्धान्ताचा समाचार घेतला आहे. गरीब आणि पददलित यांच्या स्थितीची जबाबदारी शासनाने व समाजाने अंगाबाहेर टाकावी, यापलीकडे त्या सिद्धान्ताचा उपयोग नाही, असा त्यांचा आशय आहे. स्वतःपुरता हा सिद्धान्त आपण फेकून दिला. आपल्याच पांगळ्या लेकरासाठी मात्र तो उंबऱ्याआड जपून ठेवला आहे. धर्मांतर अर्धे झाले असे कोणी म्हटले तर आपल्याला राग येतो. पण या एका ठिकाणी ते अर्धेच झाले आहे असे मी म्हणेन.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. मुलाला शाळा नाही, बापाला कायम काम नाही, चाळीत पाणी दिवसाआड येते. असे असता पोहण्याचे धडे ही कोणाची चैन? आक्षेप घेणाऱ्याला मी आकडे दाखवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबात २०२२ साली या देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे अशी गेली, आणि त्यांतील दहांपैकी नऊहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. श्रीमंतांची मुले निळ्या फरशीच्या तलावात, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर पोहतात. गरिबांची मुले पाणी साचलेल्या दगडखाणीत, पुराच्या ओढ्यात, बांधकामाच्या खड्ड्यात उतरतात. पाण्यात उतरण्याची हौस दोघांचीही सारखीच असते. पनवेल तालुक्यात हे वेगळे सांगायला नको. खारघरचा पांडवकडा असो की देहरंगचे गाढेश्वर धरण असो, पावसाळा लागला की बंदीचा फलक लागतो. फलक हवाच, कारण पुराच्या लोंढ्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. पण वर्षानुवर्षे केवळ फलक लावणे आणि एकाही मुलाला पोहणे न शिकवणे, ही स्वस्तातली सुटका आहे.

बांगलादेशासारख्या गरीब देशाने दुसरा मार्ग काढला. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील खेड्यांत चार ते बारा वर्षांच्या मुलांना गावच्याच तळ्यात पोहणे शिकवण्यास आरंभ झाला. तळ्यात बांबूचा माचा बांधला, म्हणजे मुलाच्या पायाखाली तळ आला आणि चारी बाजूंनी कठडा आला. शिकवणारी माणसे गावातलीच, त्यांत स्त्रियाही होत्या. पंचवीस मीटर पोहणे, अर्धा मिनिट पाण्यावर तरंगणे आणि बुडणाऱ्याला स्वतः उडी न टाकता काठीने किंवा कापडाने ओढून घेणे, एवढाच अभ्यासक्रम. पुढे तपासणी केली तेव्हा शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. तेथे संगमरवरी तलाव नव्हता, बांबू होता.

आपल्यासारखीच पाण्याची बंदी दुसऱ्या एका समाजाने भोगली आहे, आणि तिचा परिणाम किती पिढ्या टिकतो हे तेथे आकड्यांनी दिसते. २७ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सरोवरात तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला. पाण्यावर रेघ ओढलेली नव्हती, तरी ती सर्वांना ठाऊक होती. काठावरून दगड आले आणि मुलगा बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली. पुढे न्यायालयांनी सार्वजनिक तलाव सर्वांना खुले करण्यास सांगितले, तेव्हा मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने आपले तलाव बंदच करून टाकले. काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा कोणीच न पोहलेले बरे! आणि १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते बंद करणे वैध ठरवले. आज तेथे अशी रेघ कोणी ओढत नाही. तरीही त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीत दहा ते चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांचे पोहण्याच्या तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सातपटीहून अधिक आढळले. आजोबांना अडवले, त्याची किंमत नातू भरतो आहे. आपल्याकडे असा जातवार हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. मांडायला हवा.

अपंगांच्या बाबतीत तर पाणी हे केवळ संकट टाळण्याचे साधन नाही. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की अंगाचा सुमारे निम्मा भार पाणी घेते. छातीपर्यंत गेले की पायांवर तिसरा हिस्साही उरत नाही. जो जमिनीवर भिंत धरून उभा राहतो तो पाण्यात सुटा उभा राहतो. पोलिओने पाय गेलेला, मेंदूच्या पक्षाघाताने आखडलेला, अपघातात कणा मोडलेला, या सर्वांना जमिनीने नाकारलेली हालचाल पाणी देते. १९४९ च्या सुमारास लंडनमधील हॅलिविक नावाच्या अपंग मुलींच्या शाळेत जेम्स मॅक्मिलन यांनी यावरून एक पद्धत बसवली. एका शिकणाऱ्यामागे एक शिकवणारा, फुगे-भोपळे काही नाही, प्रथम श्वास, मग तोल, मग तरंगणे, आणि हात मारणे सर्वांत शेवटी. अंध पोहणाऱ्यासाठी तर याहून साधी युक्ती आहे. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीने त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टिचकी देतो. बहिऱ्याला शिट्टी ऐकू येत नाही, त्याला झेंडी दाखवावी. फिट येणाऱ्याला एकटे सोडू नये. यात विज्ञानाचे अवघड असे काही नाही; माणूस लागतो आणि सबुरी लागते.

मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरकडचे. लष्करात गेले, मुष्टियुद्ध खेळले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अंग गेले. पोहणे त्यांच्याकडे प्रथम उपचार म्हणून आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले आणि भारताला या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार मिळाला २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षी! सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या सुयश जाधव यांचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्याने गेले. वडील पोहणारे होते, त्यांनी मुलाला पाण्याबाहेर राहू दिले नाही, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक आणले. अंध असलेल्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक सुवर्णपदक मिळवले. स्वमग्न असलेली मुंबईची जिया राय ही नौसैनिकाची मुलगी. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहत गेली.

ही नावे अभिमानाची आहेत. तरी त्यांच्यावर फार भर देऊ नये, असे मला वाटते. पदक आणील तोच पाण्यात उतरण्याच्या लायकीचा, असा अर्थ त्यातून निघू लागतो. आपल्याला शाळा मिळाली ती आपल्यातील प्रत्येक जण बॅरिस्टर होणार होता म्हणून नव्हे. ज्या मुलाला जन्मभर फक्त पाण्यावर उताणे पडून आकाश बघता येईल, त्याचाही तेवढाच हक्क आहे. आणि नावावरून एक सांगतो. हल्ली अपंगांना दिव्यांग म्हणण्याची पद्धत पडली आहे, कायद्याच्या मराठी नावातही तोच शब्द आहे. शब्दाशी माझे भांडण नाही. पण आपल्यालाही एके काळी देवाची माणसे ठरवून एक गोड नाव देण्यात आले होते, ते बाबासाहेबांनी का झिडकारले हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. नाव गोड झाले आणि तलावाच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, तर ज्याला उतरायचे आहे त्याला त्या नावाचा काय उपयोग?

काही उपासक विचारतील की पाण्यात खेळणे भगवंतांनी वर्ज्य केले आहे ना? विनयात तसा नियम आहे खरा. सतरा तरुण भिक्खू अचिरवती नदीत दंगामस्ती करीत होते. ती राजा पसेनदीने आणि राणी मल्लिकेने प्रासादावरून पाहिली, त्यावरून तो झाला. परंतु तो भिक्खूंसाठी आहे, आणि त्यांनाही कामासाठी पाण्यात उतरण्यास, पोहून पैलतीरी जाण्यास दोष सांगितलेला नाही. गृहस्थाच्या मुलाला तो लावू नये. रोगी भिक्खूला त्याच्याच घाणीत पडलेला पाहून भगवंतांनी आनंदाबरोबर स्वतः त्याला अंघोळ घातली, ही गोष्ट या प्रश्नाला अधिक लागू पडते. तेथे त्यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही; पाणी आणले, हात लावला, आणि भिक्खूंना विचारले की तुम्ही याची सेवा का केली नाही. बाबासाहेब करुणेच्या पुढे मैत्री ठेवतात ती याचसाठी.

पनवेलमध्ये काय करता येईल हे शेवटी थोडक्यात लिहितो. शहरातील तळी आज आहेत त्या स्थितीत शिकवण्याजोगी नाहीत. विसर्जनाचा गाळ आणि सांडपाणी असलेल्या पाण्यात मुले उतरवू नयेत. वडाळे तलावाचे सुशोभीकरण झाले, फिरायला वाट झाली, ते चांगले झाले; पण काठाने फिरणे म्हणजे पाण्यात उतरणे नव्हे. स्वच्छ, उथळ, कठडा असलेला तलाव हवा, आणि जो सार्वजनिक पैशातून बांधला जाईल त्यात एक फूट खोलीला बारा फूट लांबीचा उतार, दोन्ही बाजूंना धरायला दांडा, आणि चाकाची खुर्ची आत जाईल एवढ्या रुंदीची कपडे बदलण्याची खोली नकाशातच असावी. मागाहून बसवायला दुप्पट खर्च येतो आणि मग पैसे नाहीत असे उत्तर मिळते. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्चावी असे महाराष्ट्र शासनाचे आदेश आहेत. ती रक्कम कशावर खर्च झाली हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे. खाजगी तलावांकडे आठवड्यातून दोन दुपारी मागाव्यात, त्या वेळी ते बहुधा रिकामेच असतात. मुलींसाठी स्त्री शिक्षक मागावी, आणि अंगभर कपड्यांत शिकू द्यावे. नाहीतर निम्मी मुले पहिल्या दिवशीच गळतील. शिक्षक कोळीवाड्यांतून आणि कातकरी वाड्यांवरूनही मिळतील. पाण्याची विद्या त्यांच्याकडे आहे, आणि त्यांनाही आजवर तिचा मोबदला कोणी दिलेला नाही.

वैशाख पौर्णिमेच्या सुमारास शाळांना सुटी असते, पाणी उबदार असते आणि पाऊस लागायला महिना असतो. विहाराच्या समितीने त्याआधीच, माघ-फाल्गुनात, वस्तीतील मुलांची यादी करावी. जी मुले चालू शकत नाहीत, ज्यांना दिसत नाही, ज्यांना घराबाहेर काढलेले शेजाऱ्यांनीही पाहिले नाही, त्यांची नावे यादीत प्रथम घालावीत. त्यांच्या आयांशी विहारात न बोलता त्यांच्या घरी जाऊन बोलावे, कारण विहारात त्या खरे सांगणार नाहीत. आणि पहिल्या दिवशी अशा प्रत्येक घरी दोन तरुण पाठवावेत. बहुतेक चाळींना जिना आहे, आणि मूल खाली रिक्षापर्यंत आणायला दोघे लागतात.